कागदावरचा धंदा

गोदामाचा एकच कोपरा जळाला. आत साठ लाखांचा माल होता, त्यातला आठ लाखांचा गेला. बंब वेळेवर आला म्हणून बाकीचा वाचला. विमा तीस लाखांचा होता. नुकसान विम्याच्या रकमेच्या आसपासही नव्हतं, त्यामुळे आठच्या आठ लाख मिळतील याबद्दल मालकाला शंका यायचं कारण नव्हतं. पत्र आलं ते चार लाखांचं. हप्ता कधी चुकलेला नाही, आग खरी, खरेदीची बिलं खरी, नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला चहापाण्याइतकाही त्रास दिलेला नाही, आणि तरी रक्कम निम्मी. नाव-गाव इथे महत्त्वाचं नाही, कारण हा हिशेब छोट्या धंद्यांच्या वाट्याला सगळीकडे येतो आणि सगळीकडे तसाच दिसतो. पत्र हातात घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रागापेक्षा गोंधळ जास्त असतो. आपल्याला फसवलंय हे त्याला ठामपणे वाटत असतं, पण नेमकं कुठे, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

आकडेमोड साधी आहे. साठ लाखांच्या मालावर तीस लाखांचा विमा घेतला, म्हणजे निम्मी जोखीम कंपनीकडे दिली आणि निम्मी स्वतःकडे ठेवली. मग जळालेल्या प्रत्येक खोक्याची वाटणीही त्याच प्रमाणात होते: नुकसान गुणिले विम्याची रक्कम, भागिले मालाची खरी किंमत. पॉलिसीत याला ॲव्हरेजचं कलम म्हणतात आणि ते बहुतेक आगीच्या पॉलिसींत असतं. पहिल्यांदा वाचताना हे कलम चोरासारखं वाटतं, पण त्यामागे न्याय आहे. सगळंच्या सगळं जळून जाण्याचे प्रसंग क्वचित येतात. कोपरा जळणं, एक रांग भिजणं, एक यंत्र जाणं हेच जास्त घडतं. हे कलम नसतं तर शहाण्या माणसाने दहा टक्के मालाचा विमा काढून दहा टक्केच हप्ता भरला असता आणि रोजच्या घडणाऱ्या छोट्या आगींची पूर्ण भरपाई उचलली असती. त्याचा भार पूर्ण हप्ता भरणाऱ्यांवर पडला असता. हे पटतं. तरी पत्र वाचताना ते पटवून घेणं जड जातं, हेही तितकंच खरं.

खोटं कुणीच बोललेलं नसतं.

तीस लाखांचा आकडा ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता. नंतर मालाचे भाव चढले, दोन नवे पुरवठादार आले, बाजूची रिकामी खोली घेतली, तिथे रॅक लागले. पॉलिसीचं मात्र दरवर्षी नूतनीकरण झालं, आणि नूतनीकरण म्हणजे बहुतेकदा मागच्या कागदाची तारीख बदलणं. पॉलिसी हा धंद्याचा जुना फोटो असतो. आपण त्याला आरसा समजतो, एवढाच घोटाळा. नाकारलेल्या किंवा कापलेल्या क्लेमांमध्ये लबाडीचे क्लेम असतात, नाही असं नाही. पण छोट्या धंद्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त क्लेम कागदावरचा धंदा आणि प्रत्यक्षातला धंदा यांच्यातल्या फटीत अडकतात.

ही फट पडते कशी, ते बघण्यासारखं आहे. पहिला मार्ग बँकेचा. कर्ज घेतलं की बँक विमा काढायला लावते, कधी स्वतःच काढते, आणि पुष्कळदा विम्याचा आकडा कर्जाच्या रकमेवरून ठरतो. बँकेच्या दृष्टीने ते ठीक, तिचा पैसा तेवढाच अडकलाय. मालकाला वाटतं की विमा आहे. कर्ज फिटत जातं तसा आकडाही उतरत जातो, मालाची किंमत मात्र वर जात असते. दुसरा मार्ग हिशेबनिसाच्या वहीचा. बारा वर्षांपूर्वी घेतलेलं यंत्र घसारा जाऊन वहीत जवळजवळ शून्यावर आलेलं असतं. तोच आकडा विम्याच्या फॉर्मवर जातो. पण यंत्र जळाल्यावर बाजारात वहीतल्या किमतीला नवं मिळत नाही. यंत्राचा आणि इमारतीचा विमा शक्यतो आज नवं घ्यायला किती लागेल, या किमतीवर काढावा. त्याला रिइन्स्टेटमेंट म्हणतात. यात एक अट असते आणि ती लोकांच्या लक्षात राहत नाही: पूर्ण किंमत मिळायची तर खरोखर पुन्हा उभारणी करावी लागते, तीही ठरलेल्या मुदतीत. नुसते पैसे हवे असतील तर घसारा कापून मिळतात.

इमारतीच्या रकमेतून जमिनीची किंमत वगळायची, कारण जमीन जळत नाही. उलट मलबा हटवण्याचा खर्च, वास्तुविशारदाचं शुल्क, पाडकाम, नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणारा खर्च हे धरायला हवेत. त्यासाठी वेगळी कलमं असतात आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मालाचा विमा खरेदीच्या किमतीवर काढतात, विक्रीच्या नव्हे; न विकलेल्या मालावरचा नफा आगीच्या साध्या पॉलिसीत येत नाही. तयार मालात मजुरी आणि वीज मुरलेली असते, ती धरायची. आणि वर्षातल्या सरासरी साठ्यावर आकडा लिहायचा नाही, सगळ्यात भरलेल्या दिवसाचा लिहायचा, कारण आग सरासरी दिवस बघून लागत नाही. हंगामात साठा तिप्पट होत असेल आणि वर्षभर तिप्पट हप्ता परवडत नसेल, तर दर महिन्याला साठा कळवायची डिक्लरेशन पॉलिसी असते. माल दोन-तीन जागी फिरत असेल तर सगळ्या जागांना मिळून एक रक्कम धरणारी फ्लोटर पॉलिसी असते. पण डिक्लरेशन पॉलिसीत महिन्याचा आकडा पाठवायचा राहिला की फट पुन्हा पडली. शिस्त नसलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

रकमेइतकंच महत्त्व वर्णनाला आहे आणि तिकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. धंद्याचं स्वरूप, भिंती कशाच्या, छत कशाचं, शेजारी काय चालतं, आत काय साठवलंय, रात्री कुणी असतं का, जागा सलग किती दिवस बंद राहते. लाकडी फर्निचरच्या दुकानाने मागच्या खोलीत पॉलिश करायला सुरुवात केली की विमा कंपनीच्या लेखी तो वेगळाच धंदा झाला: थिनर आला, वाफ आली, तेलाने भिजलेली फडकी आली. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर कुणी काडी न लावताही पेटू शकतात. तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं, उष्णता निर्माण होते, ढिगात ती बाहेर पडायला वाट नसते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची किंवा एकेक मोकळी पसरून वाळवायची, इतका साधा उपाय आहे. पण पॉलिसीवर ‘फर्निचर विक्री’ एवढंच लिहिलेलं असेल तर आग कशाने लागली याआधी प्रश्न येतो की हे काम तुम्ही कधीपासून करत होतात.

माहिती देण्याचं हे बंधन जुनं आहे. १७६६ सालचा कार्टर विरुद्ध बोहम हा इंग्लंडमधला खटला विमा कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या गव्हर्नरने, किल्ला परक्या शत्रूच्या हाती जाईल म्हणून लंडनमध्ये विमा काढला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेवाला म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे मला सांगितलं नाही. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी या निकालात परम सद्भावाचं तत्त्व मांडलं: विमा हा अंदाजाचा करार आहे, अंदाज ज्यावर बांधायचा ती माहिती बहुधा विमा घेणाऱ्याकडेच असते, म्हणून ती लपवता येणार नाही. गंमत अशी की ज्या खटल्याचा दाखला देऊन नंतर अनेक विमेदारांचे दावे फेटाळले गेले, त्या खटल्यात जिंकला होता विमेदारच. मॅन्सफिल्ड यांचं म्हणणं होतं की जी गोष्ट विमेवाल्याला माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती, ती सांगितली नाही म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत. हा दुसरा अर्धा भाग फारसा उद्धृत होत नाही. ब्रिटनने २०१५ च्या विमा कायद्यात थोडी दुरुस्ती केली: हेतू लबाडीचा किंवा बेफिकिरीचा नसेल, तर माहिती राहून गेली म्हणून अख्खा दावा बुडवायचा नाही, खरी माहिती कळली असती तर कंपनीने काय केलं असतं त्या प्रमाणात तो कापायचा. सगळीकडे हा उदारपणा नाही.

प्रत्यक्षात प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा मागताना द्यायचा माहितीचा अर्ज, भरतो कोण? एजंट. मालक गिऱ्हाइकात गुंतलेला असतो, एजंट चार प्रश्न विचारतो, बाकीचे मनाने भरतो, मालक पेन्सिलीच्या तीन फुल्यांवर सह्या करतो. पुढे वाद झाला की त्या तीन सह्या मालकाच्या असतात. फॉर्म स्वतःच्या हाताने भरावा, निदान वाचावा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी. इतकं साधं असूनही हे फार थोडे लोक करतात. एजंटला तोंडी सांगितलेलं कंपनीला सांगितल्यासारखं धरलं जाईलच असं नाही, म्हणून जे सांगायचं ते ईमेलने.

वर्णन नीट करण्याचा फायदा उलट्या दिशेनेही होतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये झकरिया ॲलन नावाचा गिरणीमालक होता. आग लागू नये, लागली तरी पसरू नये म्हणून त्याने गिरणीत बराच खर्च केला आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करून मागितला. कंपनीने नकार दिला: गिरणी म्हणजे गिरणी, सगळ्यांना एकच दर. तेव्हा १८३५ मध्ये त्याने इतर गिरणीमालकांना जमवून परस्पर विम्याची कंपनी काढली. जो काळजी घेतो त्यालाच सभासद करायचं, आणि गिरण्यांची तपासणी करत राहायचं. कारखान्यांत जाऊन जोखीम मोजणाऱ्या अभियंत्यांची परंपरा तिथून वाढली. आजही छोट्या धंद्याने केलेली कामं (नवं वायरिंग, अलार्म, स्प्रिंकलर, वेगळी केलेली रंगाची खोली) फोटो आणि बिलांसह कळवली तर दर कमी होण्याची शक्यता असते. फक्त एक भान ठेवायचं. अलार्म आहे असं लिहून सवलत घेतली की तो चालू असणं ही अट बनते. बंद पडलेला अलार्म नसलेल्या अलार्मपेक्षा महाग पडू शकतो.

आगीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण छोटा धंदा एका रात्रीत संपवायची ताकद तिच्यात आहे. १६६६ सालची लंडनची मोठी आग पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर या भट्टीवाल्याच्या घरातून सुरू झाली. छोटा व्यावसायिकच तो. भट्टी विझवली होती, असंच तो पुढे सांगत राहिला. १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. त्यानंतरच्या वीस वर्षांत निकोलस बार्बन याच्यासारख्यांनी लंडनमध्ये आगीच्या विम्याचा धंदा उभा केला. साडेतीनशे वर्षांनंतरही फॅरिनरचं वाक्य आगीच्या जबाबांत येतंच: सगळं बंद केलं होतं. वेल्डिंग, कटिंग, ब्लो टॉर्च यांच्या कामात ठिणगी फटीत शिरते आणि काम संपवून माणसं घरी गेल्यावर पेटते. म्हणून अशा कामानंतर कमीत कमी तासभर कुणीतरी अग्निशामक घेऊन तिथे थांबायचं, शेजारची खोली आणि वरचा मजलाही बघायचा. काम बाहेरचा कंत्राटदार करत असेल तर त्याचा दायित्वाचा विमा आधी पाहायचा, नंतर नाही.

बाकी कारणं ओळखीची आहेत: सैल झालेलं जोडकाम, एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं खुपसलेलं, रात्रभर चार्जिंगला लावलेल्या लिथियम बॅटऱ्या आणि त्याही बाहेर पडायच्या दारापाशी. विजेच्या वितरण फलकाच्या तोंडाशी रचलेली खोकी. स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या तोंडाखाली निदान ४५ सेंटिमीटर मोकळं हवं. माल वरपर्यंत रचला की पाणी वरच्या खोक्यावरच आपटतं आणि खाली आग निवांत चालू राहते. अग्निशामक कोपऱ्यात नव्हे, दाराजवळ, म्हणजे विझवणाऱ्याची पाठ बाहेर पडायच्या वाटेकडे राहते. विजेच्या उपकरणांना कार्बन डायऑक्साइडचा, तळणीच्या तेलाला वेट केमिकलचा. पेटत्या तेलावर पाणी ओतलं तर भडका छताला लागतो. आणि पुष्कळदा आगीपेक्षा जास्त माल पाण्याने खराब होतो, मग ते बंबाचं असो, फुटलेल्या नळाचं की पावसाचं. सगळा माल जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर पॅलेटवर ठेवला, तर बऱ्याच क्लेमांची गरजच पडत नाही.

आग विझल्यावर मात्र दुसरं नुकसान सुरू होतं.

भिंती, यंत्रं, माल यांचे पैसे मिळाले तरी दुकान बंद असताना भाडं, कर्जाचे हप्ते आणि पगार थांबत नाहीत. त्यासाठी व्यवसाय-खंडाचा विमा असतो, आणि छोटे व्यावसायिक तो एकतर घेतच नाहीत किंवा चुकीच्या आकड्यावर घेतात. चूक जवळजवळ ठरलेली असते. विम्यातला ‘ग्रॉस प्रॉफिट’ आणि हिशेबनिसाचा ‘ग्रॉस प्रॉफिट’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. समजा विक्री शंभर. कच्चा माल पन्नास, पॅकिंग आणि वाहतूक दहा. विक्री थांबली की हे साठ आपोआप थांबतात, म्हणून विम्याचा ग्रॉस प्रॉफिट चाळीस. हिशेबनीस त्यातून कारखान्याची मजुरी अठरा आणखी वजा करतो आणि बावीस लिहितो. पण कुशल कारागिरांना तुम्ही आगीनंतर दुसऱ्या दिवशी घरी पाठवणार नसता. आता चाळीसच्या जागी बावीसचा विमा, म्हणजे पुन्हा तेच ॲव्हरेज: शंभरातले पंचावन्नच हाती. दोन पॉलिसी, दोन वेगळे आकडे, घसरण एकच.

दुसरी गोष्ट मुदतीची. भरपाई किती महिने मिळणार ते आधी ठरवावं लागतं आणि बहुतेक जण बारा महिने लिहितात, कारण बारा हा आकडा गोल वाटतो. ही मुदत नुकसानाच्या दिवसापासून मोजतात, क्लेम मंजूर झाल्यापासून नव्हे. मोजून बघा: पाहणी आणि मलबा दोन महिने, नकाशे आणि परवानग्या तीन, बांधकाम सहा, यंत्र मागवून बसवायला चार. पंधरा महिने झाले आणि अजून एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही. दरम्यान ते दुसरीकडे जाऊन रुळलंय. त्याला परत आणायला आणखी सहा महिने. अठरा किंवा चोवीस महिन्यांची मुदत महाग वाटते, पण दुपटीने महाग नसते.

आणि आग आपल्याकडेच लागायला हवी असंही नाही. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात विजेच्या कडकडाटानंतर छोटी आग लागली आणि दहा मिनिटांत विझली. पण धूर आणि पाणी त्या अतिस्वच्छ खोल्यांत गेलं होतं. नोकिया आणि एरिक्सन दोघेही तिथून चिप घेत. नोकियाने ताबडतोब हालचाल करून दुसरीकडून माल मिळवला. एरिक्सनकडे त्या चिपसाठी दुसरा पुरवठादार नव्हता आणि जाग यायलाही उशीर झाला. नुकसान सुमारे चाळीस कोटी डॉलरवर गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीला ते सोसलं. एकाच पुरवठादारावर किंवा एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या आठ माणसांच्या कारखान्याला सोसणार नाही. पुरवठादाराकडच्या नुकसानीमुळे आलेला खंडही व्यवसाय-खंडाच्या पॉलिसीत जोडून घेता येतो, मात्र त्यात बहुधा पुरवठादाराचं नाव आणि पत्ता लागतो, आणि पुरवठादार बदलला की तोही बदलावा लागतो. २०२० च्या कोरोनाच्या टाळेबंदीत तर अनेकांना कळलं की आपल्या पॉलिसीत नुकसान म्हणजे भौतिक नुकसान; दुकान शाबूत आणि बंद, ही शक्यता कागदाने धरलीच नव्हती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बऱ्याच अंशी विमेदारांच्या बाजूने निकाल दिला, पण तो साथरोग किंवा प्रवेशबंदी यांची कलमं ज्यांच्या पॉलिसीत होती त्यांच्यापुरता.

चोरीबद्दल थोडक्यात. बहुतेक घरफोडीच्या पॉलिसींना कुलूप तोडल्याची, खिडकी फोडल्याची खूण लागते. किल्ली असलेल्या माणसाने माल नेला तर तो वेगळ्या विम्याचा विषय, नोकरांच्या विश्वासघाताच्या. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला आणि पैसे गेले, तर ती फसवणूक या दोन्हींत बसेलच असं नाही, कारण पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात. इथे विम्यापेक्षा सवय स्वस्त: खातं बदललं की जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारायचं, ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही.

दायित्वाचा विमा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तिथे नुकसानाला मालमत्तेसारखी वरची मर्यादा नसते. गोदाम जळून जळून गोदामाएवढंच जळतं. तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं किती नुकसान होईल, ते आधी सांगता येत नाही. सल्ला, आराखडे, हिशेब असं काम करणाऱ्यांची पॉलिसी बहुधा दावा कधी आला हे बघते, चूक कधी झाली हे नव्हे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी काढलेल्या नकाशाबद्दल आज नोटीस आली तर आजची पॉलिसी लागते, आणि तिच्यावरची मागची तारीख (जिच्यानंतर केलेलीच कामं ती पॉलिसी धरते) त्या नकाशाच्या आधीची हवी. कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली की मागची सगळी कामं उघडी पडली. धंदा बंद केल्यावरही काही वर्षं रन-ऑफ कव्हर, म्हणजे जुन्या कामांवर मागाहून येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा, ठेवावं लागतं, कारण नोटीस निवृत्तीचा मान राखत नाही. भाड्याच्या जागेत आणखी एक खोच आहे. आग तुमच्या निष्काळजीपणाने लागली तर जागामालकाची विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून तेच पैसे तुमच्याकडून मागू शकते. भाडेकरारात हा हक्क सोडल्याचं कलम आहे का, ते सही करण्याआधी बघायचं.

प्रत्येक गोष्टीचा विमा काढावा असं यातून कुणी समजू नये. महिन्यातून दोनदा फुटणाऱ्या काचेचा विमा काढणं म्हणजे आपलेच पैसे कंपनीच्या खर्चासह फिरवून घेणं. धंदा स्वतःच्या शिलकीवर किती दिवस तग धरेल, ते आधी काढायचं. तेवढ्यातलं नुकसान स्वतः सोसायचं, म्हणजे डिडक्टिबल मोठं ठेवायचं, आणि वाचलेला हप्ता वरची मर्यादा वाढवायला वापरायचा. लोक नेमकं उलटं करतात. फोनच्या काचेचा विमा असतो, दायित्वाचा नसतो.

क्लेमची वेळ आली की पहिले काही तास मोलाचे. आधी फोटो आणि चित्रफीत, मग साफसफाई. कंपनीला लगेच, लेखी. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री, पंप, पहारा हे करायचंच. ते न केल्यामुळे वाढलेलं नुकसान तुमच्या माथी बसू शकतं, आणि केलेल्या वाजवी खर्चाची पावती जपायची. भिजलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करायचं नाही. पाण्याने बिघडलेलं नसतं ते शॉर्टसर्किटने बिघडतं. खराब माल सर्व्हेअरने बघेपर्यंत फेकायचा नाही, कितीही वास येवो. फेकावाच लागला तर आधी विचारून, मोजून, नमुना ठेवून. समोरच्याचं नुकसान झालं असेल तर माणुसकीने धावून जायचं, पण चूक आमचीच असं लिहून द्यायचं नाही. माल जळून राख झाला तरी सर्व्हेअर तो मोजतोच: सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची मूळ किंमत. हे सगळं वह्यांवर अवलंबून, आणि वह्या किंवा संगणक त्याच खोलीत जळाले असतील तर बोलणंच खुंटतं. हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक जागेबाहेर; आणि त्या बाहेरच्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर उघडून बघायची. उघडत नसेल तर ते आज कळलेलं बरं.

नूतनीकरणाच्या तारखेची वाट न बघता पॉलिसी हातात घेऊन जागेतून एकदा चालावं. एकेक ओळ वाचायची आणि समोर ती गोष्ट दिसते का बघायचं: पत्ता हाच आहे का, दुसरी खोली धरलीय का, पोटमाळ्याचा उल्लेख आहे का, हे यंत्र यादीत आहे का, धंद्याच्या वर्णनात आज चालतं ते काम बसतं का, आगीच्या रकमेत या रॅकवरचा माल मावतो का. प्रत्येक कपाट उघडून फोनवर चित्रीकरण करायचं, यंत्रांचे अनुक्रमांक वाचता येतील असे घ्यायचे. जिथे कागद आणि जागा जुळत नाहीत, तिथे त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून एंडॉर्समेंट मागायची. एंडॉर्समेंट म्हणजे पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती. एजंटचा ‘हो, करून टाकतो’ हा मेसेज नव्हे. हातात आल्यावर तिच्यावरची लागू होण्याची तारीख बघायची. आणि नवं गोदाम घेतलं असेल तर ती तारीख उजाडेपर्यंत तिथे एक खोकंही हलवायचं नाही, मग ट्रक दारात उभा का असेना.